धागा: बाबांच्या २१४ रेकॉर्ड आणि घर सोडायची तारीख – घरच्या घरी एलपी डिजिटल करताना

मासुंदा | ६ जुलै, रात्री ११:२०

नमस्कार. आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. दिवाळीच्या आत घर रिकामं करायचंय, आणि पुढची तीनेक वर्षं कळव्याला भाड्याच्या वन बीएचकेमध्ये काढायची आहेत. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या २१४ रेकॉर्ड आहेत: १५४ एलपी (मोठ्या तबकड्या), २९ ईपी (लहान) आणि ३१ जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. टाकायच्या नाहीतच. पण भाड्याच्या घरात त्या खोक्यातच राहणार, म्हणून सामान बांधायच्या आधी सगळं उत्तम दर्जात उतरवून घ्यायचं ठरवलंय.

माझ्याकडे बेल्टवर चालणारा एक टर्नटेबल आहे, ओळखीतून मिळालेला, वापरलेला पण चांगल्या स्थितीतला. त्याला फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारा), पुढे यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज आकड्यांत बदलणारा), मग लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने. गेल्या तीन आठवड्यांत १९ एलपी झाल्या.

अडचण अशी की फायलींवर आकडे ९६ चे दिसतात, पण मला आवाज बंद खोलीतून आल्यासारखा वाटतो. शिवाय प्रत्येक बाजूच्या शेवटी गाणाऱ्याचा 'स' आणि 'श' फाटतो. ९६ खरंच ९६ आहे हे कसं ओळखायचं? १९२ वर जाऊ का? आणि खरखर काढावी की राहू द्यावी?

खाडीपलीकडे | ७ जुलै, सकाळी ७:०५

ऐरोलीहून. आधी हिशेब सांगतो. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, दोन चॅनल म्हणजे मिनिटाला साधारण ३४.५ एमबी. २२ मिनिटांची एक बाजू ७६० एमबी, पूर्ण एलपी दीड जीबी. तुमच्या १५४ एलपी मिळून २३० जीबीच्या आसपास. फ्लॅक या फाईलप्रकारात ठेवलंत तर आणखी कमी, आणि फ्लॅकमध्ये मूळ ध्वनीतला एक कणही हरवत नाही. १९२ केलंत तर सगळं दुप्पट. ९६ मध्ये ४८ हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं बसतं आणि माणसाचा कान २० हजारांच्या पुढे जात नाही. १९२ ची गरज नाही.

२४ बिटचा खरा उपयोग वेगळा आहे. एलपीचा स्वतःचा आवाका ६०–७० डेसिबलचा, तो १६ बिटच्या ९६ डेसिबलमध्येही मावतो. पण २४ बिट असले की पातळी टोकापर्यंत चढवावी लागत नाही. सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलला ठेवा आणि निर्धास्त राहा. एखादी तान अचानक वर गेली तरी माथा कापला जात नाही.

आता तुमची शंका. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या क्षणी किती हर्ट्झचा आवाज आहे त्याचं चित्र) लावा आणि वरची मर्यादा ४८ हजार हर्ट्झवर न्या. रेकॉर्डवरचे 'टिक' आवाज उभ्या रेघांसारखे दिसतील. त्या रेघा वरपर्यंत गेल्या असतील तर तुमचं ९६ खरं. २४ हजारांवर सुरीने कापल्यासारख्या थांबत असतील, तर वाटेत कुठेतरी ४८ चं रेकॉर्डिंग होतंय आणि वरचा आकडा नुसता फुगवलेला आहे.

वाचनमात्र | ७ जुलै, सकाळी ९:४०

+१. वाचतोय. माझ्याकडे आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा आहे. त्यातून काढलेलं चालेल का?

खाडीपलीकडे | ७ जुलै, सकाळी १०:१५

@वाचनमात्र, त्या जातीच्या प्लेयरमध्ये बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) असतं आणि सुईचा भार आजच्या टर्नटेबलच्या दुप्पट-तिप्पट. ऐकायला ठेवा, आठवण म्हणून जपा. पण चांगली एलपी उतरवायला तो वापरू नका.

मासुंदा | ७ जुलै, रात्री ११:५०

पाहिलं. २४ हजारांवर सरळ रेघ, वर सगळं काळं. ऑडॅसिटीत ९६ होतं, पण संगणकाच्या ध्वनी सेटिंगमध्ये त्याच इंटरफेससमोर ४८ लिहिलेलं होतं. शिवाय 'आवाज सुधारणा' नावाचा एक पर्याय चालू होता. दोन्ही नीट केल्यावर आता रेघा वरपर्यंत जातात. खाडीपलीकडे, मनापासून आभार.

१९ एलपी पुन्हा कराव्या लागणार. दिवाळीच्या आधी सामान बांधायला लोक येतील, त्यामुळे जीव कासावीस झालाय.

तंबोरा७० | ८ जुलै, सकाळी ६:३०

ताई, थांबा. १९ रेकॉर्ड लगेच पुन्हा करू नका.

मी मुंबईतल्या एका स्टुडिओत तीस वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम केलं, आता नेरूळला असतो. ४८ आणि ९६ मधला फरक तुमच्या कानाला कळणार नाही, माझ्या तर नाहीच. बंद खोलीसारखं वाटणं आणि शेवटचा 'स' फाटणं हे सुईचं काम आहे. टर्नटेबल वापरलेला घेतलात, मग सुई कोणाची? किती तास चाललेली?

एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते, बाहेरच्या कडेला आणि लेबलजवळही तेवढेच. पण बाहेर एका फेऱ्यात सुईखालून जाणारी लांबी मोठी, आत लहान. बाहेरच्या कडेला चर सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, शेवटी फक्त २१ सेंटिमीटरने. म्हणजे तोच 'स' आत येताना निम्म्याहून कमी जागेत कोरलेला असतो. सुई झिजून तिचं टोक सपाट झालं की ती वळणं तिला वाचता येत नाहीत, ती त्यांना घासत जाते.

आता आपल्या संगीताचा विचार करा. एका बाजूवर एक राग असेल तर विलंबित बाहेरच्या कडेला, ऐसपैस. द्रुत बंदिश आणि सगळ्यात दाट ताना येतात लेबलजवळ. दुसऱ्या बाजूच्या शेवटी ठुमरी नाहीतर भैरवी. जे आपल्याला सर्वात जवळचं, तेच रेकॉर्डच्या सर्वात अवघड जागी. म्हणून आपल्याकडच्या रेकॉर्ड उतरवणाऱ्याने सर्वात आधी सुईवर खर्च करावा, मग प्रीअँपवर, मग इंटरफेसवर. आकड्यांचा नंबर त्यानंतर.

हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण ५०० ते १००० तास धरतात. माहीत नसेल तर झिजली आहे असंच समजा. झिजलेली सुई रेकॉर्डही खराब करते, म्हणून आज रात्री एकही रेकॉर्ड लावू नका.

मासुंदा | ८ जुलै, दुपारी १:१०

काका, सुई टर्नटेबलबरोबरच आली होती. किती चालली हे देणाऱ्यांनाही माहीत नाही. आज ऑर्डर करते. मी ती बाबांच्या १९ रेकॉर्डवर चालवली, हे आता मनातून जात नाही.

तंबोरा७० | ८ जुलै, दुपारी २:००

एकेकदा वाजवल्याने रेकॉर्ड जात नाही. नवी सुई लावली की भार मोजायचा छोटा काटा घ्या आणि कार्ट्रिजच्या कागदावर दिलेल्या आकड्यावर तो ठेवा. बहुतेक एमएम (हलत्या चुंबकाच्या) कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतो. कमी भार ठेवला की रेकॉर्ड जपली जाते असं पुष्कळांना वाटतं. ते चूक आहे. हलकी सुई चरीत उडते आणि भिंतींवर आपटते.

सीवूड्सची_सकाळ | ८ जुलै, रात्री ८:४५

मला धुण्याबद्दल सांगायचंय, कारण खाडीकाठी राहणाऱ्या आपल्या सगळ्यांची ती अडचण आहे. पावसाळ्यात आमच्याकडे कव्हरांना बुरशी येते आणि ती आतल्या रेकॉर्डवर पांढऱ्या ठिपक्यांनी उतरते. कोरड्या फडक्याने पुसलं की ती चरीत दाबली जाते आणि मग प्रत्येक ठिपका 'टिक' म्हणून ऐकू येतो.

मी डिस्टिल्ड वॉटरच्या पाच लिटरच्या कॅनमधलं पाणी घेते, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब. मऊ केसांच्या रुंद ब्रशने चरीच्या दिशेने गोल फिरवते, लेबलवर पाणी जाऊ देत नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. नळाचं पाणी शेवटी वापरलं तर ते वाळल्यावर क्षार मागे राहतात. ताटांच्या स्टँडमध्ये उभ्या ठेवून वाळवते. उन्हात अजिबात नाही, एलपी वाकते. वाळलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालू नका, बुरशी तिथेच असते. नवी आतली पाकिटं घ्या.

आणि तुमच्या ७८ च्या ३१ रेकॉर्डना अल्कोहोलचा थेंबही लावू नका. त्या लाखेच्या असतात, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीसाठी बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच द्रावणांत अल्कोहोल असतं, बाटली वाचून घ्या.

खारघरचा_नवा | ११ जुलै, रात्री १०:००

थोडं अवांतर. मामाने अमेरिकेहून येताना त्याचा टर्नटेबल मला दिला. २३० चे ११० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लावला, सगळं चालतं, पण गाणी संथ आणि जड लागतात. बेल्ट नवा टाकला तरी तेच.

तंबोरा७० | १२ जुलै, सकाळी ६:४०

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. तिकडे वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. तुमच्या टर्नटेबलची मोटर थेट विजेच्या लयीवर फिरणारी असणार, म्हणून ३३ १/३ ऐवजी मिनिटाला २७.८ फेरे होतायत. सहाला पाच, हे प्रमाण आपलं ओळखीचं आहे: षड्ज आणि कोमल गंधार यांतलं अंतर. तुमच्या घरी प्रत्येक गायक मूळ पट्टीपेक्षा कोमल गंधाराइतका खाली गातोय. मॉडेलप्रमाणे ५० हर्ट्झची पुली मिळते का बघा. डीसी मोटरचा टर्नटेबल असता तर हा प्रश्नच आला नसता.

वेग तपासायची जुनी रीत सर्वांसाठी सांगतो. ५० हर्ट्झच्या विजेसाठी ३३ १/३ च्या स्ट्रोब चकतीवर १८० रेघा असतात. चकती फिरवून चोक असलेल्या जुन्या ट्यूबलाइटखाली बघायची. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, पुढे सरकल्या तर जास्त, मागे सरकल्या तर कमी. एलईडी दिव्याखाली बहुतेक वेळा हे दिसत नाही, त्याचा प्रकाश तसा लुकलुकत नाही. एक टक्का वेग चुकला तर स्वर सतरा सेंट सरकतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पेटीवर पट्टी लावून रेकॉर्डबरोबर गाऊन बघणाऱ्याला ते ताबडतोब खटकतं.

खारघरचा_नवा | १२ जुलै, सकाळी ९:२०

काका, कोमल गंधार! पेटीवर लावून पाहिलं, अगदी तेवढंच अंतर. आठ महिने मी हेच ऐकत होतो. धन्यवाद.

मासुंदा | १९ जुलै, रात्री १२:३०

नवी सुई आली, भार १.८ ग्रॅमवर ठेवला. आधी केलेल्यांपैकी एक नाट्यसंगीताची एलपी मुद्दाम पुन्हा लावली, थेट दुसऱ्या बाजूचा शेवट. 'स' स्वच्छ आला. मागची सारंगी वेगळी ऐकू आली, ती आधीच्या फाईलमध्ये नुसती धूसर होती. दोन्ही फायली एकापाठोपाठ आईला ऐकवल्या. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे, तिला ९६ आणि ४८ काही माहीत नाही. नवी लावल्यावर म्हणाली, "हां, हे आपल्याकडचं."

१९ च्या १९ पुन्हा करणार आहे. काका, तुम्ही थांबवलं नसतंत तर मी त्याच सुईने ९६ वर परत घासल्या असत्या.

निवांत | २१ जुलै, दुपारी ४:००

खरखरीबद्दल कोणी बोललंच नाही. मी तर सुरुवातीच्या रिकाम्या दोन सेकंदांवरून नॉइज प्रोफाइल (नुसत्या खरखरीचा नमुना) घेतो आणि संपूर्ण बाजूवर नॉइज रिडक्शन लावतो. त्यावर क्लिक रिमूव्हल. एकदम सीडीसारखं होतं. लोकांना खरखर नको असते, खरं सांगायचं तर.

तंबोरा७० | २१ जुलै, रात्री ९:१५

निवांतराव, एक प्रयोग करा. तुमच्या स्वच्छ केलेल्या फाईलमध्ये तंबोरा शोधा. तानेनंतर गायक थांबतो, तेव्हा तारांचा झणकार हळूहळू विरत जातो. तो विरत जाणारा, एकसारखा, बारीक आवाज आणि खरखर यांतला फरक या फिल्टरला नीट कळत नाही. आवाज थांबला की मागे पोकळी उरते. क्लिक रिमूव्हल जोरात लावलं तर तबल्याच्या 'ना'ची धार बोथट होते, टाळ आणि घुंगरू तर त्याला टिकच वाटतात. पाश्चात्त्य पियानोच्या रेकॉर्डवर जे निभावतं ते आपल्या मैफलीवर निभावत नाही.

मी फक्त मोठे टिक हाताने काढतो. ऑडॅसिटीतलं रिपेअर एका वेळी १२८ नमुन्यांपर्यंत चालतं, ९६ वर म्हणजे सव्वा मिलिसेकंदाच्या जरा वर. तेवढ्यात एक टिक मावतो. एका बाजूला वीसेक मिनिटं जातात. इथे मात्र ९६ चा फायदा आहे: टिक खूप वरपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे संगीतापासून वेगळा ओळखू येतो.

आणि रेकॉर्ड जुनी मोनो असेल तर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो बनवा. मोनोत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. सुईच्या उभ्या हालचालीतून येणारा बराच कचरा एवढ्यानेच जातो आणि संगीताला धक्का लागत नाही.

निवांत | २२ जुलै, सकाळी ८:३०

तंबोरा शोधला. तुम्ही म्हणता ते खरं आहे. एका मारव्याच्या शेवटी तो पूर्ण गेलाय. माझ्याकडे कच्च्या फायली नाहीत, प्रत्येक वेळी त्याच फाईलवर जतन करत गेलो.

मासुंदा | २२ जुलै, सकाळी ११:००

निवांत, वाईट वाटलं वाचून. रेकॉर्ड अजून तुमच्याकडे असतील तर परत करता येईल. मी आता दोन फोल्डर केलेत. 'कच्चं' या फोल्डरमध्ये सुई टेकल्यापासून उचलेपर्यंत सगळं, सुरुवातीच्या सरकण्याच्या आवाजासकट, फ्लॅकमध्ये, आणि त्याला परत हात लावायचा नाही. 'ऐकायचं' या फोल्डरमध्ये तुकडे केलेलं, थोडं साफ केलेलं. दोन्ही दोन वेगवेगळ्या डिस्कवर, एक डिस्क बहिणीकडे डोंबिवलीला.

वाचनमात्र | ३ ऑगस्ट, सकाळी १०:३०

मासुंदाताई, तुमचं झालं की सगळ्यांसाठी एक लिंक द्याल का? किती लोक आशीर्वाद देतील!

खाडीपलीकडे | ३ ऑगस्ट, दुपारी १२:००

ताईंना या अडचणीत टाकू नका. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो, आणि गीत-संगीताचा हक्क त्याहून वेगळा, रचणाऱ्याच्या निधनानंतर ६० वर्षं. स्वतःच्या खाजगी ऐकण्यासाठी उतरवणं वेगळं, जाहीर वाटणं वेगळं. प्रत्येक रेकॉर्डचा हिशेब निराळा निघतो.

मासुंदा | २८ सप्टेंबर, रात्री १:१५

बरेच दिवस आले नाही, कामच चालू होतं. १३१ एलपी झाल्या, २९ ईपी झाल्या. मधे जे शिकले ते लिहिते, कोणाला उपयोगी पडेल.

आवाजात एक बारीक गुणगुण यायची. टर्नटेबलची अर्थिंगची तार प्रीअँपच्या स्क्रूला लावलेली होती, तरीही. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि ती गेली. आमच्या इमारतीचं वायरिंग जुनं, अर्थिंगचा भरवसा नाही. आता बॅटरीवर एक बाजू, मग चार्जिंग, मग दुसरी बाजू.

टर्नटेबल टीपॉयवर होता तेव्हा कोणी स्वयंपाकघरात गेलं तरी स्पेक्ट्रोग्राममध्ये अगदी खाली डाग दिसायचे. तो मी बेडरूमच्या भिंतीत बसवलेल्या कडाप्प्यावर नेला, जिथे बाबा इस्त्रीचे कपडे ठेवायचे. डाग गेले. पाण्याचा पंप सहाला सुरू होतो, वरच्यांचा मिक्सर आठला, म्हणून काम रात्री अकरा ते दोन.

सर्वात जास्त वेळ रेकॉर्डिंगला नाही, लिहिण्याला लागतो. कव्हरच्या मागे तबला कोणाचा, पेटी कोणाची, तंबोऱ्यावर कोण, हे असतं आणि कुठल्याही तयार याद्यांत ते येत नाही. मी फ्लॅकच्या टॅगमध्ये सगळं देवनागरीत भरते, राग आणि तालही. लेबलवरचा क्रमांक आणि लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक दोन्ही. बाबा प्रत्येक कव्हरच्या आत पेन्सिलीने तारीख, किंमत आणि कुठून घेतली ते लिहायचे. त्याचेही फोटो त्याच फोल्डरमध्ये.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. झीज आलेखावर दिसते. एका भावगीतांच्या एलपीवर बाकीची गाणी स्वच्छ आहेत, फक्त दुसऱ्या क्रमांकाच्या गाण्यावर रेघाच रेघा. बाबांनी ते गाणं आमच्यासमोर कधी गुणगुणल्याचं मला आठवत नाही. आईला विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "माझ्यासाठी लावायचे."

ते गाणं मी साफ केलेलं नाही.

सीवूड्सची_सकाळ | २८ सप्टेंबर, सकाळी ७:५०

वाचून डोळ्यांत पाणी आलं. राहू द्या तसंच.

तंबोरा७० | २८ सप्टेंबर, सकाळी ८:१०

ताई, फार चांगलं काम केलंत. आता ७८ च्या ३१. त्यांना एलपीची सुई चालत नाही. त्यांची चर कितीतरी रुंद असते, एलपीची बारीक सुई तळाशी लोळते आणि सगळा कचरा उचलते. ७५ मायक्रॉनच्या आसपास टोक असलेली वेगळी सुई लागते. तुमच्या कार्ट्रिजला ती बसते का ते मॉडेल सांगितलंत तर बघून सांगतो. टर्नटेबलवर ७८ चा वेग आहे का?

मासुंदा | २८ सप्टेंबर, रात्री ११:४०

वेग आहे. कार्ट्रिजच्या पुढच्या बाजूचा फोटो उद्या उजेडात काढून टाकते. आणि काका, कळव्याच्या घरी ठेवायला खोकी आणलीत, पण ती आडवी रचायची आहेत असं सामानवाले म्हणतात.

तंबोरा७० | २९ सप्टेंबर, सकाळी ६:२०

आडवी अजिबात नाही. रेकॉर्ड काटकोनात उभ्या, फार घट्ट नाही, फार सैलही नाही, तिरक्या कलू द्यायच्या नाहीत. ७८ च्या ३१ वेगळ्या खोक्यात, त्या पडल्या की फुटतात. खोक्यावर मोठ्या अक्षरात बाणाची खूण करा. सामान न्यायच्या दिवशी ते खोकं टेम्पोत देऊ नका, रिक्षात मांडीवर घेऊन जा.